शून्याखालचं वर्ष

३ फेब्रुवारी

आजपासून रोज नाही, पण वेळ पडेल तसं लिहून ठेवायचं. आमच्या कार्यालयात जे बोललं जातं ते इतिवृत्तात येत नाही आणि इतिवृत्तात येतं ते कुणी बोललेलं नसतं. उद्या कुणी खापर माझ्या डोक्यावर फोडलं तर माझ्यापाशी काहीतरी असावं.

धरण बांधून झालं. भिंत उभी आहे, दारं बसली आहेत, नदी अजून खालच्या मोकळ्या वाटेने जाते आहे. आता जलाशय भरायचा. नदी आमच्या एकट्याची असती तर दारं लावून मोकळे झालो असतो. पण ती पुढे सीमा ओलांडते आणि खालच्या देशातली शेतं आणि दोन शहरं तिच्यावरच जगतात. म्हणून दोन्हीकडच्या माणसांची संयुक्त समिती. किती वर्षांत भरायचं, दर महिन्याला किती पाणी अडवायचं आणि किती सोडायचं, हा आराखडा माझ्याकडे आलाय. मोठे साहेब म्हणाले, "तुमच्याइतकी संशयी बाई या इमारतीत दुसरी नाही, म्हणून तुम्हाला दिलं." मी ते कौतुक समजले.

७ फेब्रुवारी

समितीची पहिली बैठक. खालचे चार जण आले. तिघे नुसते माना डोलावणारे. चौथे त्यांचे जलतज्ज्ञ, साठीला टेकलेले. सगळं पेन्सिलीने लिहितात. पेन्सिलीने लिहिणारा माणूस खोडायची तयारी ठेवूनच बसलेला असतो. मी त्यांना मनातल्या मनात पेन्सिलवाले म्हणते.

त्यांनी आल्या आल्या आमच्या चाळीस वर्षांच्या पातळीच्या वह्या मागितल्या. मी म्हटलं, तुमच्याही दाखवा. तर म्हणाले, "मला परवानगी नाही." आपली झाकली मूठ, दुसऱ्याची मात्र उघडून हवी.

वह्यांबद्दल एक सांगायला हवं. धरणाच्या जागेजवळ घाटावर एक मोजपट्टी पाण्यात उभी आहे, आकडे रंगवलेली. रोज सकाळी आणि संध्याकाळी पाणी कुठल्या आकड्याला आहे ते वाचून वहीत लिहायचं. चाळीसपैकी एकतीस वर्षं हे काम आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केलं. घाटावरच्या दोन सरकारी खोल्यांतच मी वाढले.

१५ फेब्रुवारी

हिशेब दोनदा करून पाहिला. घोडं एकाच वर्षापाशी अडतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नदी इतकी आटली होती की तसं वर्ष मध्येच आलं आणि आपण पाणी अडवत राहिलो, तर खाली थेंब जाणार नाही. म्हणून आराखड्यात थांबण्याचं कलम हवं: आवक ठरलेल्या रेषेखाली गेली की अडवणं बंद, येईल तेवढं सगळं खाली सोडायचं. ते कलम घातलं की जलाशय भरायला पाच वर्षं. ते एक वर्ष वगळलं तर कलमाची गरज उरत नाही, तीन वर्षांत काम होतं.

साहेबांना दाखवलं. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला. "वर तीन वर्षांचा शब्द गेलाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "त्या वर्षाच्या नोंदी तुम्ही बारकाईने तपासा. मला त्या वर्षाचा वास येतोय."

साहेबांचं नाक तीक्ष्ण आहे, हे मानलं पाहिजे.

१८ फेब्रुवारी

वास खरा निघाला. ती वही आज समोर घेऊन बसले.

आठ महिने एकही दिवस चुकलेला नाही. आबांच्या बाकीच्या वह्यांत खाडे आहेत: ताप, बहिणीचं लग्न, "धुक्यामुळे पट्टी दिसली नाही". इथे सलग, सकाळ-संध्याकाळ, एक रकाना रिकामा नाही. खरा माणूस कधीतरी आजारी पडतो. न चुकणारी वही घरी बसून लिहिलेली असते.

अक्षर आबांचं नाही. आबांचे आकडे वाऱ्याने झोपवल्यासारखे तिरपे. हे उभे, बारीक, रांगेत बसवलेले. बाईचं अक्षर वाटतं.

आणि सगळ्यात कहर म्हणजे अकरा दिवस आकडाच नाही. लिहिलंय, "शून्याखाली चार बोटं." एक दिवस, "शून्याखाली पाच बोटं, अंगठा धरून." साहेबांना दाखवलं तर खुर्चीत मागे रेलून हसले. "ही काय मोजमापाची भाषा?"

त्या वर्षी मी सात वर्षांची होते. मागच्या खोलीचं दार बंद असायचं हे आठवतं. शाळेतून आले की आई म्हणायची, "आवाज करू नकोस, आबा झोपलेत." भर दुपारी. आता प्रश्न पडतो, दिवसा झोपणारा माणूस रात्री कुठे असायचा?

२२ फेब्रुवारी

काल घरी जाऊन आले. बसने तीन तास. आबा-आई आता गावातल्या लहान घरात राहतात, नदीपासून लांब. जेवण झाल्यावर विषय काढला.

"आबा, त्या कोरड्या वर्षी पातळी कोण घेत होतं?"

"मीच. दुसरं कोण घेणार?"

"अक्षर तुमचं नाही."

"माणसाचं अक्षर बदलतं."

"आठ महिन्यांपुरतं? आणि मग परत जागेवर येतं?"

आबा उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्या सकाळीच ओल्या केलेल्या मी पाहिल्या होत्या.

मी मागून विचारलं, "नदी किती खाली गेली होती?" ते म्हणाले, "बरीच." आतून आईचा आवाज आला, "पट्टी सुटली होती पाण्यातून. अकरा दिवस चिखलात उभी होती."

"तुला काय माहीत?"

"ऐकलेलं," ती म्हणाली आणि भांडी लावायला लागली. ऐकलेलं अगदी पाहिल्यासारखं सांगायची तिची सवय जुनीच आहे. बाकी तिची स्मरणशक्ती शाबूत आहे. कॅलेंडरवर दोघांच्या डॉक्टरांच्या तारखा, औषधांच्या वेळा तिने बारीक, सरळ, एकाखाली एक लिहून ठेवल्यात. आबांना चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही.

तिच्यासमोर मी पुढे बोलले नाही. तिला जे माहीत नाही ते माझ्या तोंडून कळायला नको.

२ मार्च

एक अधिक एक दोन होतात. वहीत ते अक्षर सुरू होतं त्याच सुमारास, ऑक्टोबरमध्ये, घाटावरचा नावाडी बुडाला होता. आबांनीच त्याला पाण्यातून काढलं. दोघं जोडीने काम करायचे, एका ताटात जेवायचे म्हणे. त्याची बायको आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. शिकलेली होती, मुलांच्या शिकवण्या घ्यायची. आबा आयुष्यभर तिची चौकशी करत राहिले. कुणी तिच्या गावाकडे निघालं की, "वहिनींना विचारलंय म्हणून सांगा."

मी तेव्हा याला माणुसकी समजायचे.

९ मार्च

दुसरी बैठक. पेन्सिलवाल्यांनी नेमकी तीच वही मागून घेतली आणि एकेक पान चष्मा वर करून वाचलं. मग मला म्हणाले, "हे वर्ष फार जपून लिहिलंय. कोण होतं त्या वेळी?"

"का विचारताय?"

"बोटांत मोजणारा माणूस खोटं लिहीत नाही. खोटं लिहिणारा सेंटिमीटरमध्ये लिहितो."

त्यांना हे वर्ष गोड लागणारच. हे वर्ष राहिलं तर त्यांचं पाणी राहतं. त्यांनी स्तुती केली म्हणजे दाल में काला असणारच. मी चहाचा कप उचलला आणि उत्तर टाळलं.

१२ मार्च

साहेबांनी बोलावून दार लावून घेतलं. "तुम्ही काही खोटं लिहायचं नाही," ते म्हणाले. "एवढंच लिहा की त्या वर्षाच्या वहीतलं अक्षर तुमच्या वडिलांचं नाही. मुलगी म्हणून तुम्ही ते ओळखता. बाकीचं मी बघतो." जाताना म्हणाले की जलाशयाच्या भरणीचा वेगळा विभाग निघणार आहे आणि त्याला प्रमुख लागेल.

मी लिहून दिलं. आठ ओळी. प्रत्येक ओळ खरी आहे, हे तीनदा वाचून खात्री केली.

एक मात्र खटकतं. इतक्या खऱ्या गोष्टीसाठी दार कशाला लावलं?

२३ मार्च

तिसरी बैठक. साहेबांनी माझ्या आठ ओळी वाचल्या आणि म्हणाले, "नोंद घेणारी व्यक्ती अज्ञात. सबब हे वर्ष हिशेबातून वगळण्यात येत आहे." पुढच्या बैठकीत तीन वर्षांच्या आराखड्यावर सह्या.

पेन्सिलवाल्यांनी मलाच विचारलं, "बाई, मग अक्षर कुणाचं आहे?"

"माहीत नाही."

"शोधलंत?"

मी कागद आवरले. बाहेर व्हरांड्यात ते जिन्याशी थांबले होते. म्हणाले, "त्या वर्षी आमच्या शहरात नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं. माझी थोरली मुलगी तेव्हा तान्ही होती. ते वर्ष झालंच नाही, असं आता तिला सांगू का?" आवाज चढवला नाही. तीच मेख आहे, चढवला असता तर मला भांडता आलं असतं.



३० मार्च

आज घरी जाऊन आबांना सांगून टाकलं की मी असं असं लिहून दिलंय. वाटलं, ते चिडतील, निदान बाजू मांडतील. ते नुसते हातांकडे बघत राहिले. मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "त्या शेजारच्या वहिनींचं अक्षर आहे ना? आईला फसवलंत इतकी वर्षं?"

आई दारातच उभी होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"वहिनींचं अक्षर किडामुंगीसारखं गिचमिड होतं," ती म्हणाली. "वहीतलं माझं आहे."



तिने उभ्या उभ्याच सांगितलं. नावाड्याला बाहेर काढलं त्या दिवसापासून आबा घाटाच्या पायऱ्या उतरू शकले नाहीत. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या उतरले आणि तिथेच बसले. आईने हाताला धरून घरी आणलं. मग खोलीतून बाहेरच येईनात. बोलत नव्हते, जेवण समोर ठेवलं तर दोन घास. कार्यालयाला कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर खोल्याही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन पायऱ्या उतरली. तपासणीला कुणी आलं की सांगायचं, तापाने फणफणलेत.

"मला शून्याच्या खालचं लिहिता येत नव्हतं," ती म्हणाली. "पट्टी तिथे संपत होती. मग शून्यापासून पाण्यापर्यंत बोटं लावली. चुकलं का?"

"आणि आबा परत कधी गेले?"

"जूनमध्ये मला ताप आला. उठताच येईना. मी नुसती म्हणत होते, आज रकाना रिकामा राहणार. हे उठले, वही घेतली आणि गेले. परत आले ते पाय भिजलेले."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"कुणी विचारलं? तूही यांनाच विचारलंस."

आबा सगळा वेळ मान खाली घालून होते. मी नवऱ्यावर नाही, सासूवर नाही, जन्मदात्या बापावर आळ घेतला, आणि तो जिच्या अक्षरावरून घेतला ती बाई आजवर माझ्याच पानात वाढत होती.

२ एप्रिल

साहेबांना सगळं सांगितलं आणि माझा कागद परत मागितला.

"भावनेच्या भरात जाऊ नका," ते म्हणाले. "नोकरीत नसलेल्या बाईने घेतलेल्या नोंदी म्हणजे नोंदीच नव्हेत. उलट आता ते वर्ष पक्कं बाद झालं." मग हसून, "वडिलांचं निवृत्तिवेतन चालू आहे ना अजून? आठ महिने कामावर न जाता हजेरी लावली, हे कुणाच्या लक्षात आणून द्यायचं असेल तर बघा बुवा."

मी दोन महिने संशयाने सगळ्या जगाच्या खिशात हात घालून पाहत होते. साहेबांचा हा एक खिसा तेवढा राहिला.

६ एप्रिल

आबांचा फोन. ते स्वतःहून फोन करत नाहीत.

"बैठक कधी आहे?"

"वीस तारखेला. का?"

"आम्ही दोघं येतो."

मी निवृत्तिवेतनाचं सांगितलं. साहेब काय बोलले तेही सांगितलं. मग म्हणाले, "तुझी आई आठ महिने रोज दोनदा उतरली. मला एकदा जिना चढायला काय झालं?"

२० एप्रिल

सगळं जसं झालं तसं लिहिते.

साहेब सह्यांचे कागद पुढे सरकवत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं की माझ्या कागदातलं अपुरं आहे, पुरं सांगायला माणसं बाहेर बसली आहेत. साहेब म्हणाले, "विषयपत्रिकेत नाही." पेन्सिलवाले म्हणाले, "आम्हाला ऐकायचंय." त्यांच्या तिघांनी माना डोलावल्या. त्या मानांचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला.

आबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. टेबलाच्या कडेला हात टेकवून म्हणाले, "त्या वर्षी आठ महिने मी खोलीबाहेर पडलो नाही. माझं मन ठिकाणावर नव्हतं. पाण्याकडे बघवत नव्हतं. पातळी हिने घेतली. माझ्या वह्यांत चुका असतील, हिच्या वहीत नाहीत. माझं काय करायचं ते नंतर करा."

साहेब म्हणाले, "हे सगळं हृदयस्पर्शी आहे, पण पुरावा काय?"

पेन्सिलवाल्यांनी आईला खुर्ची दिली. "बाई, हात दाखवता का?" आईने टेबलावर हात ठेवला, चार बोटं जुळवून. त्यांनी खिशातली पट्टी लावली. आई संकोचून म्हणाली, "तेव्हा बोटं बारीक होती हो." ते म्हणाले, "तेवढं मी वजा धरतो."

मग ते काही क्षण आपल्या पिशवीकडे बघत राहिले. त्यांच्या शेजारच्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांनी मान हलवली, नकाराची. आणि पिशवीतून घडी घातलेला जुना तक्ता काढून टेबलाच्या मधोमध पसरला. त्यांच्या बाजूच्या मोजपट्टीचं तेच वर्ष. जे दाखवायची त्यांना परवानगी नव्हती.

आमच्या घाटावरचं पाणी त्यांच्या मोजपट्टीपाशी पोचायला दीड दिवस लागतो. मी वाचत गेले, ते तक्त्यावर बोट सरकवत गेले. आईच्या वहीत पातळी जिथे जिथे उतरली होती, तिथे तिथे दीड दिवसाने त्यांची उतरलेली. पाच बोटं, अंगठा धरून, तो दिवसही सापडला. त्या वर्षातला त्यांच्याकडचा सगळ्यात खालचा आकडा तोच.

मी मध्ये मध्ये थांबून त्यांचा तक्ता नवा तर नाही ना, शाई कशी दिसते, तेही बघत होते. जित्याची खोड. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तक्ता माझ्याकडे वळवून दिला.

२९ एप्रिल

ते वर्ष हिशेबात राहिलं. थांबण्याचं कलम लिहिलं गेलं. जलाशय पाच वर्षांत भरेल, मध्ये नदी आटली तर सहा. दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

पेन्सिलवाले सहीला आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरा माणूस होता. विचारलं तर म्हणाला, "ते आता घरीच असतात." आणखी काही सांगेना.

आबांना खुलासा मागणारं पत्र आलंय. त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं: जे घडलं ते खरं आहे. पुढे काय होईल माहीत नाही. माझ्याकडून भरणीचं काम काढून घेतलं आणि जुन्या नकाशांची यादी करायला दिली. पंधरा दिवसांची रजा मागितली तर साहेबांनी हसत मंजूर केली. का हसले असतील, याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. दोनदा केला.

४ मे

बैठकीपासून माझ्याकडेच राहिलेल्या आबा-आईला पोचवायला बसने निघाले. ते दोघं पुढच्या बाकावर, मी मागच्या. अर्ध्या वाटेवर रस्ता नदीला लागतो. आबा खिडकीतून पाहत होते.

"खरंच इतकी खाली गेली होती?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "मे महिन्यात एकदा मी दगडावरून दगडावर पाय टाकत पलीकडे जाऊन आले. चप्पल भिजली नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"रोज सांगायचे. वही लिहून झाली की तुमच्या उशाशी बसून सगळं सांगायचे, आज इतकं उतरलं, आज बगळे आले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून असायचात."

आबांनी खिडकीकडचं तोंड आत वळवलं. मग म्हणाले, "आवाज यायचा. पोचायचं नाही काही. आता सांग."

"सगळं?"

"पहिल्या दिवसापासून."

आईने पदर सारखा केला, जरा त्यांच्याकडे वळून बसली आणि सुरुवात केली. मी कान टवकारले, खोटं कशाला सांगू. पण बस चढाला लागली होती, इंजिनाचा आवाज फार होता, आणि ती बोलत होती ते फक्त त्यांच्यापुरतं.